आठ काठ्या राखायच्या, पण मोजणार कोण?



गेल्या महिन्यात आमच्या गावात दोन जिपा आल्या. एकीत जंगल खात्याचे साहेब, दुसरीत कागद गिरणीचे. पूर्वी हे लोक वेगवेगळे यायचे. गार्ड आला की कोंबडी लपवायची आणि मुकादम आला की कुऱ्हाड शोधायची, एवढेच आम्हाला ठाऊक. या वेळी दोघे एकाच सतरंजीवर बसले. साहेब बोलायचे थांबले की गिरणीवाले बोलायचे, गिरणीवाले थांबले की साहेब मान डोलवायचे.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. आता पूर्वीसारखी सरसकट तोड होणार नाही. सरकार आणि उद्योग मिळून बांबूचे जंगल शास्त्रशुद्ध पद्धतीने सुधारणार. निवडक तोड होईल. प्रत्येक रांजीत किमान आठ पक्क्या काठ्या राखल्या जातील, कोवळ्याला हात लागणार नाही. गिरणी पैसा देईल, खाते देखरेख करील, गावाला मजुरी मिळेल. सगळ्यांचा फायदा. गावाने फक्त एका ठरावावर अंगठे आणि सह्या द्यायच्या.

मागे बसलेल्या एका म्हातारीने विचारले, "आठ काठ्या राखणार म्हणता ते चांगलं हाय जी. पण मोजणार कोण?"

साहेब हसले. म्हणाले, "मोजायला खातं आहे ना, आजीबाई."

म्हातारी म्हणाली, "खातं तर आतापर्यंतबी होतं."

सभेत हशा झाला आणि ठराव त्या दिवशी राहिला. पण तो कागद परत येणार आहे. आमच्याकडे आला तसा तुमच्याकडेही येईल. म्हणून हे लिहीत आहोत. सही करा किंवा करू नका, हे तुमचे गाव ठरवील. पण म्हातारीचा प्रश्न विचारल्याशिवाय करू नका.

आम्ही तोडीच्या विरोधात नाही

आधी एक गोष्ट साफ सांगतो, कारण आमच्यावर पहिला आरोप हाच होतो की संघटनेला जंगलातले कोणतेच काम नको. हे खोटे आहे. बांबू तोडलाच पाहिजे. न तोडलेली रांजी आतून गच्च होते, काठ्या एकमेकींत अडकतात, वाकड्या होतात, वाळतात, आणि नव्या कोंबाला जागा राहत नाही. हे आम्हाला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. घराच्या कुडाला, ताटव्याला, ढोलीला, सुपाला बांबू आणताना बापाने पोराला दाखवले ते हेच.

पावसाळ्यात वास्ते निघतात. दोन-तीन महिन्यांत काठी पूर्ण उंच होते, पण उंच झाली म्हणजे पक्की झाली असे नाही. पक्की व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. नवा कोंब रांजीच्या बाहेरच्या अंगाला येतो, जुन्या काठ्या मध्ये राहतात. आणि त्या नव्या कोंबाला जमिनीखालून पोसते कोण? आदल्या सालच्या काठ्या. घरात कमावते माणूस गेले की लेकरू उपाशी मरते, तसेच रांजीचे आहे. म्हणून तोडायचे तर आतल्या, जुन्या काठ्या. बाहेरच्या तरुण काठ्या ठेवायच्या. तोडताना जमिनीलगतच्या पहिल्या पेऱ्यावर स्वच्छ घाव घालायचा. वर उंच खुंट ठेवला तर काठीचा सगळ्यात जाड भाग वाया जातो आणि पुढच्या वेळी आत हात घालता येत नाही. पावसाळ्यात तोड बंद. एकदा तोडलेल्या कुपाला दोन-तीन वर्षे विश्रांती.

गंमत अशी की जंगल खात्याच्या कागदात हे सगळे नियम आहेत. घोड्याच्या नालासारखी एका बाजूने रांजी उघडायची, कोवळी काठी तोडायची नाही, गड्डा खणायचा नाही, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. नियम वाईट नाहीत. आमच्या बापजाद्यांच्या रीतीत आणि त्यांच्या शास्त्रात भांडण फार थोडे आहे. भांडण दुसरीकडेच आहे.

नियम कुठे मोडतो?

नियम मोडतो मजुरीच्या हिशोबात. कटाईची मजुरी बंडलावर आहे. जेवढे बंडल तेवढा पैसा. आता विचार करा. रांजीच्या पोटात शिरून, काटक्या बाजूला सारून, जुनी अडकलेली काठी मोकळी करायला वेळ लागतो, हातपाय फाटतात. बाहेरची सरळ, तरुण काठी दोन घावांत पडते. लेकरांचे पोट बंडलावर असेल तर माणूस कोणती काठी तोडील? कंबर वाकवून जमिनीलगत घाव घालील, की उभ्या उभ्या कमरेइतक्या उंचीवर?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या पोरांनी तोड संपल्यावर कुपात फिरून पाहिले. बऱ्याच रांज्यांत बाहेरची बाजू भादरलेली आणि पोटातले जुने तसेच. उंच खुंट. कोवळ्या काठ्या तोडलेल्या आणि हलक्या निघाल्या म्हणून तिथेच टाकलेल्या. कागदावर मात्र कूप नियमाप्रमाणे तोडला अशी नोंद.

आणि हेही कबूल केले पाहिजे, साथींनो, की ती कुऱ्हाड आमच्याच हातात होती. मुकादम बाहेरचा, मुनीम बाहेरचा, गिरणी तर फारच दूरची, पण घाव आमच्या पोरांचा. वास्त्यांचेही तसेच. घरापुरती भाजी आणणे वेगळे आणि बाजाराच्या दिवशी टोपलीभर वास्ते विकायला नेणे वेगळे. एक वास्ता म्हणजे एक काठी. हे आपण आपल्याच सभेत बोलत नसू तर साहेबाला विचारायचे तोंड आपल्याला राहत नाही.

पण दोष वाटताना वजनाप्रमाणे वाटावा. ज्याला दिवसभराच्या मजुरीसाठी बंडल मोजून द्यावे लागतात त्याचा दोष, आणि ज्याने मजुरी तशी ठरवली त्याचा दोष, हे एका तराजूत घालता येत नाहीत. गिरणीला बंडल पाहिजे, कारण यंत्र बंद ठेवून चालत नाही. खात्याला महसूल पाहिजे. दोघांचे शास्त्र 'आठ काठ्या राखा' म्हणते आणि दोघांचा पैसा 'जास्त आणा' म्हणतो. शास्त्र आणि पैसा भांडले की कुपात कोण जिंकतो, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

शास्त्रही चुकते: दांडेलीची गोष्ट

साहेब म्हणतात, तुम्ही अनुभवाने बोलता, आम्ही शास्त्राने. मग एक गोष्ट शास्त्राचीच सांगतो.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेलीला कागदाची गिरणी आहे. १९५० नंतरच्या दहा वर्षांत ती उभी राहिली आणि सरकारने तिला आसपासच्या जंगलातला बांबू नाममात्र दराने दिला. तेव्हा म्हणत होते, बांबू एवढा आहे की कधी संपणार नाही. पंधरा-वीस वर्षांत ओरड सुरू झाली. टोपल्या विणून पोट भरणाऱ्यांना बांबू मिळेना. १९७५ च्या सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी तिथल्या बांबूचा अभ्यास करायला गेले. गाडगीळ मूळचे पुण्याचे.

त्यांना काय दिसले? तिथल्या बांबूच्या बुडाशी काट्यांचे दाट जाळे असते. खात्याचे आणि गिरणीचे मत असे की हे जाळे साफ केले म्हणजे रांजी मोकळी होते, वाढ चांगली होते, तोडीलाही सोपे. ही साफसफाई 'सुधारणा' म्हणून चालली होती. गावचे लोक सांगत होते की काटे काढू नका, काट्याने कोंब वाचतो. त्यांचे कोणी ऐकले नाही. अभ्यासात लोकांचेच खरे निघाले. काटे काढले की पावसाळ्यात निघालेला कोवळा कोंब गुरे आणि रानातली जनावरे खाऊन टाकत होती. जी सुधारणा म्हणून केली तीच रांजी मारत होती.

काटे काढणारे साहेब काही मूर्ख नव्हते. शिकलेले होते. पण पावसाळ्यात कोंब कोण खातो हे पाहायला ते रांजीपाशी नव्हते, गुराखी होता. शास्त्र म्हणजे नीट पाहणे असेल तर गुराख्याचे पाहणेही त्यात मोजले पाहिजे. आमची मागणी एवढीच आहे.

'सुधारणा' कोणाची?

बांबूबरोबर त्या ठरावात मोठ्या झाडांच्या निवडक तोडीचेही एक कलम आहे. ते वाचताना झोप लागते, म्हणून जास्त जपून वाचावे. सगळे जंगल सपाट करणार नाही, निवडून झाडे काढणार, बाकीची वाढू देणार. ऐकायला चांगले वाटते. आणि खरोखरच सपाट तोडीपेक्षा चांगले आहे. १९७४ साली वनविकास महामंडळ निघाले तेव्हापासून मिश्र जंगल साफ करून नुसता साग लावण्याचे काम आपण पाहिले आहे. सागाच्या ओळीत ना मोहफूल, ना चारोळी, ना कंद. त्यापेक्षा निवडक तोड बरी.

पण निवडक तोडीत मुख्य प्रश्न काय तोडले हा नसतो. काय ठेवले हा असतो. ज्याच्या हातात मार्किंगचा हातोडा, तो पुढच्या पन्नास वर्षांचे जंगल ठरवतो. सागाला ऊन मिळावे म्हणून शेजारचे झाड काढले, ही सुधारणा. झाडावर चढलेली वेल तोडली, ही सुधारणा. पोकळ, वाळके झाड काढले, ही सुधारणा. आता आमच्या बाजूने पाहा. ती वेल माहुलीची असेल तर तिच्या पानाच्या पत्रावळी होतात आणि सालीचा दोर होतो. ते शेजारचे झाड धावडा असेल तर त्याचा डिंक आम्ही विकतो. त्या पोकळ झाडात पाखरे राहतात, मधमाशा राहतात. फळझाडे राखीव आहेत असे कागद म्हणतो, बरे आहे. पण वेलीला कागदात जागा नाही, कारण वेलीचे घनमीटर होत नाहीत.

जंगल सुधारायचे तर कोणासाठी, हे आधी ठरवावे लागते. गिरणीसाठी सुधारलेले जंगल आणि गावासाठी सुधारलेले जंगल ही दोन वेगळी जंगले आहेत. दोन्हींचा थोडा थोडा मेळ घालता येईल. पण त्यासाठी हातोडा मारताना दोघांनी सोबत उभे राहिले पाहिजे.

दोस्ती जुनी आहे

सरकार आणि उद्योग आता एकत्र आले असे साहेब म्हणाले. आता नाही. इंग्रजांनी १८६४ साली जंगल खाते काढले ते रेल्वेच्या स्लीपरची आणि जहाजाच्या लाकडाची सोय लावायला. आमच्या भागात जमीनदाऱ्या होत्या. १९५० च्या कायद्याने त्या गेल्या, जंगल सरकारकडे आले आणि गावाला निस्ताराचे हक्क कागदावर मिळाले. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने तर स्पष्टच सांगितले की उद्योगाला माल पुरवणे हे जंगलाचे मोठे काम आहे आणि गावकऱ्यांच्या फुकट वापराने जंगल नासले.

मग १९८८ चे राष्ट्रीय वनधोरण आले. देशभर लोक लढले म्हणून ते थोडे बदलून आले. त्यात लिहिले आहे की उद्योगाने आपला कच्चा माल शक्यतो स्वतः, शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून तयार करावा. उद्योगाला सवलतीच्या दराने वनउपज देणे बंद व्हावे. लागवडीसाठी किंवा दुसऱ्या कामासाठी नैसर्गिक जंगल उद्योगाला देऊ नये. हे संघटनेचे पत्रक नाही, सरकारचे धोरण आहे. तरी सहा-सात वर्षांत दिल्लीत 'उजाड' जंगलजमीन उद्योगांना लागवडीसाठी द्यावी असा प्रस्ताव निघालाच. विरोध झाला म्हणून तो अडला. उजाड म्हणजे कोणती? जिथे आपली गुरे चरतात, बाया सरपण वेचतात आणि कित्येकांची अतिक्रमणे म्हणून लिहिलेली शेते आहेत, तीच.

तेव्हा साहेबांना आमचा साधा सवाल आहे. धोरण म्हणते उद्योगाने शेतकऱ्याच्या बांधावर बांबू वाढवावा. मग जीप बांधाकडे न जाता जंगलाकडे का वळली?

डिसेंबरातले दोन कागद

१९९६ च्या डिसेंबरात दिल्लीहून दोन कागद निघाले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की केंद्राने मंजूर केलेल्या वर्किंग प्लॅनप्रमाणेच जंगलात तोड होईल, एरवी नाही. २४ डिसेंबरला अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायतीचा कायदा लागू झाला. त्यात गौण वनउपजाची मालकी ग्रामसभेला आणि पंचायतीला देण्याचे म्हटले आहे, आणि गावाची साधनसंपत्ती रीतीरिवाजाप्रमाणे राखायला ग्रामसभा समर्थ आहे असेही म्हटले आहे. राज्यांनी आपले कायदे वर्षभरात त्याप्रमाणे बदलायचे होते.

हे दोन कागद शेजारी ठेवा म्हणजे जीप का आली ते कळेल. पहिल्या कागदामुळे वर्किंग प्लॅनला फार वजन आले. त्यात जे लिहिले जाईल तेच होईल. दुसऱ्या कागदामुळे प्रश्न उभा राहिला की बांबू कोणाचा? बांबू गवताच्या जातीचा आहे, हे शाळेतले पोरगेही सांगते. पण १९२७ च्या जंगल कायद्यात २०१७ पर्यंत झाडाच्या व्याख्येत बांबू घातलेला होता. गवत म्हटले तर गौण उपज, म्हणजे गावाचे. झाड म्हटले तर खात्याचे, आणि खात्यामार्फत गिरणीचे. गावोगावच्या ठरावांवर सह्या झाल्या तर उद्या सांगता येईल की गावांनी आपणहून संमती दिली होती.

ते काय म्हणतात

त्यांचे म्हणणे की गावाच्या हाती दिले तर जंगल दोन वर्षांत संपेल. ही भीती सगळी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. गावात लोभी माणूस आहे, दारूसाठी फाटा विकणारा आहे, व्यापाऱ्याशी हात मिळवणारा पुढारीही आहे. पण बंगालात तेव्हाच्या मेदिनीपूर जिल्ह्यात आराबारीला काय झाले ते पाहा. १९७२ च्या सुमारास तिथे खात्याच्याच एका अधिकाऱ्याने अकरा गावांच्या ६१८ कुटुंबांना सोबत घेतले. १२७२ हेक्टरवरच्या सालीच्या खुंटांना लोकांनी राखले, कामात आणि उत्पन्नात त्यांना वाटा ठरवून दिला, आणि जंगल पुन्हा उभे राहिले. जिथे राखणाऱ्याला वाटा आणि अधिकार मिळाला तिथे त्याने राखले. नुसती राखणदारी देऊन वाटा दुसऱ्याला दिला तर कोण राखील?

आणि गिरणीचा करार काही वर्षांचा असतो. बांबू संपला तर ती दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या राज्यातून आणते. साहेबाची बदली होते. आमची बदली होत नाही. रांजी मेली तर आमच्याच बुरडाचे हात रिकामे होतात.

आमच्या अटी

त्यामुळे आमच्या गावाने ठराव फेटाळला नाही, त्यावर अटी लिहिल्या. तुमच्याकडे उपयोगी पडल्या तर घ्या, कमी-जास्त करा.

१. वर्किंग प्लॅनमधला आमच्या गावाच्या कुपांचा भाग मराठीत, आणि गोंडीत समजावून, ग्रामसभेत वाचावा. नकाशाची एक प्रत गावात राहील.

२. तोडीआधी आणि तोडीनंतर गावाने निवडलेल्या रांज्यांची मोजणी गावचे लोक आणि खाते मिळून करतील. वही गावात राहील. मोजणाऱ्यांत बाया असतील.

३. मजुरी नुसत्या बंडलावर नको. रोजावर द्या. बंडलावरच द्यायची तर रांजी मोकळी करण्याची, खुंट खाली घेण्याची मजुरी वेगळी द्या. नियम पाळणाऱ्याचा रोज बुडू नये.

४. आधी निस्तार, मग बुरड, मग गिरणी. घरबांधणीचा आणि टोपलीचा बांबू सुटल्याशिवाय गिरणीचा ट्रक भरणार नाही.

५. कोणते झाड, कोणती वेल काढायची याचे मार्किंग गावासमोर होईल.

६. नियम मोडलेला दिसला तर कूप थांबवण्याचा अधिकार ग्रामसभेला असेल. हा अधिकार नसेल तर वरच्या पाचही अटी शोभेच्या आहेत.

७. ग्रामसभेच्या मालकीबाबत स्पष्ट झाल्याशिवाय कोणत्याही लांब मुदतीच्या करारावर सही नाही.

आणि एक अट आम्ही आमच्यासाठी लिहिली. आपल्या गावचा माणूस कोवळी काठी तोडताना किंवा वास्ते विकताना सापडला तर त्याची चौकशी आपल्याच सभेत होईल. साहेबाकडे बोट दाखवण्याआधी आपली चार बोटे पाहिलेली बरी.

साहेब परत येतील तेव्हा म्हातारीला पुढे बसवणार आहोत. गेल्या आठवड्यात तिनेच पोरांना रांजीपाशी नेऊन कोणती काठी कोणत्या सालची ते ओळखायला शिकवले. सालपट चिकटलेले ते या सालचे, हिरवे स्वच्छ ते मागचे, पिवळट आणि डागाळलेले ते जुने. पोरांनी वही आणली होती. मोजणी सुरू झाली आहे. तुमच्या गावातही सुरू करा, आणि पुढच्या अंकासाठी कळवा.

जोहार!